उजवी की डावी

गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, हिचो घोव जिवंत आसा तर उजवी दी, गेलो आसा तर डावी दी!"

"व्हय म्हाराजा!" दीर जोरात म्हणाला.

ती खांबाला टेकून उभी होती. घाटात ट्रक सापडला होता, तो चालवणारा सापडला नव्हता. तेव्हापासून पितृपक्षात ती त्याच्या नावाने कावळ्याला पान ठेवी आणि रोज कपाळाला कुंकूही लावी. "एक कायता ठरव गो," हे ऐकून ऐकून ती शिणली होती. आता तर मुलाच्या लग्नाची पत्रिकाच अडली होती. बापाच्या नावाआधी 'श्री.' की 'कै.'?

कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवांच्या गळ्यात हार पडतो, आणि आख्यान सुरू होईपर्यंत सगळे नुसता नामाचा गजर करतात. तिचा संसार इतकी वर्षं त्या गजरावरच चालला होता. पाकळी पडली की आख्यान सुरू होणार, आणि त्याचा शेवट तिला ऐकायचा नव्हता.

समईची वात सारून झाली. पुन्हा गाऱ्हाणं झालं. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत.

"देव आज बोलणा नाय," गुरव म्हणाला.

दिराने कपाळाला हात लावला. "वयनी, मगे छापखान्यात काय सांगू?"

तिने देवाला मनापासून हात जोडले. तो तरी तिच्यासारखाच निघाला होता.

"नुसतां नाव छापा, भावजी," ती म्हणाली. "त्येच्या आदी कायच घालू नकात."