दारावरचा उमेदवार

आमच्या सोफिया शहरात माणूस गेला की घरचे त्याचा फोटो छापलेला कागद इमारतीच्या दारावर चिकटवतात. चाळीस दिवसांनी दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. पर्यटकांना आमची लिपी वाचता येत नाही, त्यामुळे ते या कागदांचे मोठ्या कौतुकाने फोटो काढतात.

आज दुपारी मी घरातून निघालो, तर दारातच एका डच पर्यटकाने माझं अभिनंदन केलं. "निवडणुकीला उभे आहात ना? काल याच दारावर तुम्हाला पाहिलं."

बाकावरचे त्स्वेतान काका खूश झाले. "लेका, आम्हाला पत्ता लागू दिला नाहीस. आता निवडून आलास तर निदान लिफ्ट तरी चालू कर."

मी वळून पाहिलं. दारावर फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा कागद होता.

"विरोधकांनी फाडला असेल," म्हणत पर्यटकाने मोबाइल पुढे केला.

चेहरा माझाच होता. खाली छापलं होतं, 'तुला जाऊन सहा महिने झाले.' त्याखाली पत्नी रॉसित्सा, मुलगी कालिना.

रॉसित्साला सातवा महिना चालू आहे. मुलगी झाली तर कालिना, हे आम्ही आज सकाळी कॉफी पिताना ठरवलं. अजून कुणालाच सांगितलेलं नाही.