बाबांचं वाक्य

"गर्दीतला माणूस नीट चालला नाही, तर हिरोही खोटा वाटतो रे," लहानपणी बाबा सांगायचे. चाळीस वर्षं ते सिनेमांतल्या गर्दीत चालले, पण तोंडी एक शब्द आला नाही. यंदा एका सिनेमात मात्र त्यांना अख्खं वाक्य मिळालं, आणि त्या सिनेमाचा संकलक होतो मी. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी हॅकरांनी थिएटरं उडवायची धमकी दिली आणि स्टुडिओने सिनेमा कायमचा मागे घेतला. घरी गेलो, तर बाबा नव्या सदऱ्याला इस्त्री करत होते. बातमी ऐकून त्यांनी इस्त्री उभी ठेवली, उबदार बाही हाताने सारखी केली. "असू दे. आत आहे ना माझं वाक्य? पेटीतलं सोनं कुठं रोज दिसतं?" गप्प राहिलो असतो, तर त्यांना कळलं नसतं. "बाबा," मी म्हणालो, "लांबी कमी करताना तुमचं वाक्य मीच कापलं होतं."