भिंतीवरची ओळ

कलामहोत्सवासाठी रस्त्याकडेच्या भिंतीवर एकच ओळ रंगवायची होती. ओळ सुचली की शर्वाणी ती आधी खडूने भिंतीवर भली मोठी लिहायची आणि रस्त्यापलीकडे जाऊन बघायची. ही जुनी सवय. आज तिने लिहिलं, ‘थांबा. श्वास घ्या.’

ती वळली तर रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या जागच्या जागी उभ्या!

“अगं, पूस आधी!” तिचा जोडीदार याकूब ओरडला. “बिनड्रायव्हरच्या गाड्या आहेत. त्यांना भिंतीवरचंही हुकूमच वाटतं!”

त्यातली एक रुग्णवाहिका होती. आतली बाई दोन्ही हातांनी काच बडवत होती. तिच्यामागे स्ट्रेचरवर एक म्हातारा धापा टाकत होता.

शर्वाणीने ओढणीने खडू घासला, पण खरबरीत भिंतीवरून अक्षरं जाईनात. शेवटी दोघं हात पसरून, पाठ टेकून त्या ओळीवरच उभी राहिली. क्षणभर काहीच हललं नाही. मग रुग्णवाहिका सायरन वाजवत सुटली.

“माणसांसाठी लिहिली होतीस ना ओळ?” याकूबने हळूच विचारलं.

शर्वाणीने फुटपाथकडे पाहिलं. माणसं येत होती, जात होती. इतक्या वेळात एकही थांबलं नव्हतं.