अदलाबदलीचे मणी

"ओव," पद्मजा म्हणाली आणि तिनं काळ्या मण्यांची पुडी वासंतीसमोर ठेवली.

वासंतीनं हात मागे घेतले. पद्मजाच्या मुलीचं, दीपालीचं, लग्न तोंडावर आलं होतं. सदाशिव पेठेतल्या पद्मजाच्या फ्लॅटमध्ये बस्त्याच्या पिशव्या आणि रुखवताचे डबे यांतून पाय ठेवायला जागा नव्हती. 'रुखवत मांडायला ये,' एवढंच पद्मजानं फोनवर सांगितलं होतं. मंगळसूत्राचं अवाक्षर काढलं नव्हतं.

"अगं, मी कशी ओवू?"

"सुईनं. आजवर कशानं ओवत होतीस?"

वासंतीला हसू आलं नाही.

नवरा होता तोवर ती मंगळसूत्रंच ओवायची. रविवार पेठेतल्या दोन-तीन दुकानांचं काम तिच्याकडे असे. तिची गाठ कधी सुटत नाही, असं दुकानदार कौतुकानं सांगत. मग कारखान्यातून घरी येताना नवरा अपघातात गेला. दिवसकार्य उरकून ती पुन्हा काम मागायला गेली, तेव्हा त्याच दुकानदारांनी नजर चुकवली. एकानं मात्र खरं ते सांगितलं. "वहिनी, गिऱ्हाईक विचारतं हो, कुणी ओवलं म्हणून." घरात काळ्या मण्यांचे डबे भरलेले होते आणि पदरात शाळकरी मुलगी.

पद्मजाची आणि तिची ओळख मण्यांच्या दुकानातली. पद्मजा रंगीत मण्यांच्या माळा करून प्रदर्शनांत विकायची. एका दुपारी ती धापा टाकत वासंतीचा जिना चढून आली. हातात दोन जड पिशव्या होत्या. काचेचे, लाकडाचे, चिनी मातीचे, नाना रंगांचे मणी.

"हे घे आणि तुझे काळे मला दे. वजनाला वजन."

"तुला एवढे काळे मणी कशाला?"

"अदलाबदल करायला आलेय, मुलाखत द्यायला नाही."

काळ्या मण्यांत पांढऱ्या धातूचे घुंगरू गुंफून पद्मजानं माळा केल्या. कॉलेजच्या मुलींनी त्या हातोहात उचलल्या. वासंतीला मात्र रंग जमेनात. तिची पहिली माळ बघून पद्मजा म्हणाली, "हा चौकातला सिग्नल कुणी गळ्यात घालायचा?" माळ उसवली. पुन्हा ओवली. पुन्हा उसवली. हळूहळू हात बसला. मग दीपाली एक निळी माळ घालून हिंजवडीला कंपनीत गेली आणि संध्याकाळी सहा मैत्रिणींच्या मागण्या घेऊन आली. तिथल्या मुलींना पगार चांगला होता, सोन्याची हौस नव्हती आणि रोजच्या कपड्यांवर काहीतरी वेगळं हवं होतं. वासंतीचं घर उभं राहिलं. मुलगी शिकत राहिली. 'मी पद्मजाच्या मण्यांवर जगले,' असं ती कुणालाही सांगायची. काळ्या मण्याला मात्र तिनं पुन्हा हात लावला नव्हता.

आणि आता ही पुडी.

"पद्मजा, तू माझ्यासाठी जे केलंस, ते मी विसरणार नाही. म्हणूनच नको म्हणतेय. उद्या काही बरंवाईट झालं तर सगळे माझ्या हाताकडे बोट दाखवतील. दीपालीच्या सासरी कळलं तर?"

"कळेलच. तिच्या सासूबाई आत्ता येतीलच मंगळसूत्राची सासरची वाटी घेऊन."

वासंती ताडकन उठली. ती चपला शोधत असतानाच बेल वाजली.

दारात यमुनाबाई होत्या, सौरभच्या आई. सौरभ आणि दीपाली एकाच कंपनीत. लग्न त्यांनी आपलं आपण ठरवलेलं. यमुनाबाई मांजरी गावच्या, उसाच्या शेतात राबलेल्या, कमी बोलणाऱ्या. या लग्नाला त्या हो म्हणाल्या होत्या, पण मनापासून की मुलाच्या हट्टापायी, ते पद्मजाला अजून उमगलं नव्हतं. त्यांनी पाणी घेतलं, रुमालाची गाठ सोडली आणि सोन्याची वाटी टेबलावर ठेवली.

पद्मजानं आढेवेढे घेतले नाहीत. "यमुनाबाई, ही माझी मैत्रीण वासंती. दीपालीचं मंगळसूत्र हिनं ओवावं, अशी आमची इच्छा आहे. हिचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. आपल्याला चालणार नसेल, तर आत्ताच सांगा."

वासंतीचा चेहरा उतरला.

"मला नाही ओवायचं," ती घाईघाईनं म्हणाली. "हिचा उगाच हट्ट आहे. आपण मनावर घेऊ नका. मी निघते."

"बसा," यमुनाबाई म्हणाल्या.

वासंती बसली. यमुनाबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"पोरबाळ?"

"एक मुलगी आहे. बारावीला."

"तुम्हीच शिकवली?"

वासंतीनं मान हलवली.

"माझा बाप मी रांगत हुते तवाच गेला," यमुनाबाई म्हणाल्या. "आयनं एकलीनं आमाला वाढवलं. माझ्या लग्नात तिला मांडवात येऊ दिलं न्हाई. चुलीपाशी बसून रडत हुती. मला कळत हुतं, पर माझी जीभ उचलली न्हाई."

त्यांनी मानेवरचा पदर बाजूला केला. गळ्यात मंगळसूत्राच्या जागी नुसत्या दोऱ्याला हळकुंड बांधलेलं होतं. कमरेच्या पिशवीतून त्यांनी कागदाची एक पुडी काढली आणि वासंतीच्या ओंजळीत रिती केली. विस्कटलेले काळे मणी, तुटलेला दोरा, दोन झिजलेल्या वाट्या.

"कालच वाढलंय. आमचं मालक धडधाकट हायेत," त्या म्हणाल्या. "आधी माझं ओवा, मग सुनंचं."