डोंगर की समुद्र

मंजिरीने वर्गाला विचारलं, आपली लेक कुठल्या गावात द्याल? फळ्यावर तिने ग्रीसमधली तीन गावं काढली होती. पहिलं आपलं; त्याच्या नि दुसऱ्याच्या मध्ये फक्त एक डोंगर. तिसरं पंचवीस कोसांवर, समुद्रापलीकडच्या बेटावर.

हिंदी मुलखातल्या त्या शहरात, पुरानी बस्तीतल्या कोचिंग क्लासच्या चाळीसही मुलांनी डोंगरापलीकडचं गाव निवडलं. अभनपूरची इरावती म्हणाली, "पानी पार कौन बेटी देगा, मॅम? हमारे यहाँ तो बरसात में नाला चढ़ा कि रास्ता बंद."

वर्ग हसला. मंजिरीही हसली. भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. झालेली मुलगी इतिहास शिकवू शकेल का, हे दाखवायला तिला वीस मिनिटं मिळाली होती. त्यावर नोकरी ठरणार होती. ठरवणारे पांडुरंग सर, क्लासचे मालक, दाराशी हाताची घडी घालून उभे होते.

तिने सांगितलं, ते डोंगर चुनखडीचे, उभ्या चढाचे. धान्याची दोन पोती पलीकडे न्यायची तर खेचराचा अख्खा दिवस मोडायचा. नावेत मात्र शंभर पोती मावायची, आणि एक बेट मागे पडतंय तोवर पुढचं दिसू लागायचं. म्हणून गावं तोडली ती डोंगरांनी; खोऱ्याखोऱ्यात वेगळं राज्य उभं राहिलं. समुद्राने ती जोडली.

इरावतीने मांडीवरच्या छापील नोट्स उलटल्या. "पर मॅम, इसमें तो लिखा है, समुद्र ने अलग किया. पेज चौदह."

माना दाराकडे वळल्या. नोट्स पांडुरंग सरांच्या होत्या, बावीस वर्षं चालत आलेल्या. दोन्ही कारणं खरी, असं म्हणून मंजिरीला सुटता आलं असतं.

"नोट्स गलत हैं," ती म्हणाली.

सर सावकाश पुढे आले. मुलांना कळू नये म्हणून की काय, घरच्या वऱ्हाडीत बोलले. "पोरी, हे ग्रीक लोक तर उत्तरेकडून पायी आले. मंग त्यायले नाव चालवणं शिकवलं कोणं?"

"तिथे आधीपासून राहणाऱ्यांनी, सर. क्रीट बेटावरचे लोक त्यांच्या कितीतरी आधी जहाजांनी व्यापार करत होते. ग्रीकांचा समुद्रासाठीचा शब्दसुद्धा बहुधा अशाच कुणाकडून घेतलेला आहे."

"बहुधा काहून?"

"पुरावा तेवढाच आहे." मग तिने जोडलं, "आपणही इकडे येऊन इथल्यांसारखं 'हो'ला 'हव' म्हणायला शिकलोच की."

सरांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "हव," ते म्हणाले, आणि वर्गाकडे वळले. "पेज चौदह खोलो. समुद्र काटो, पहाड़ लिखो. आगे का मॅडम बताएँगी."

चाळीस पेनं चालू लागली. सर मागे गेले, शेवटच्या बाकावरच्या मुलाला सरकायला सांगून बसले आणि लिहून घ्यायला त्याच्याकडे एक कोरा कागद मागितला.