तान्ह्यांची खोली

"इथल्या मुलांना उचलायचं नाही," दारात हात आडवा घालून आक्का म्हणाली. "खेळवायचं असेल तर मोठी मुलं अंगणात आहेत. ही तान्ह्यांची खोली."

दारातली पाहुणी पन्नाशी उलटलेली, अंगानं भरलेली होती. चर्चच्या मंडळींनी सगळ्यांना वाटलेला निळा टीशर्ट तिला दंडात काचत होता. सेवेसाठी म्हणून दहा दिवस समुद्रापलीकडून आलेल्या बारा जणांतली ती एक. आज त्यांचा शेवटचा दिवस. अंगणात समारोपाची गाणी रंगात आली होती.

आक्काला ही मंडळी नवी नव्हती. अनाथाश्रमात वीस वर्षं घालवून ती पाहुण्यांची भाषाही तोडकीमोडकी बोलायला शिकली होती. माणसं मनानं वाईट नसत. भिंती रंगवत, बाहुल्या वाटत, येशूची गाणी शिकवत आणि निघताना ढसाढसा रडत.

"तुम्ही दहा दिवस कडेवर घेता," आक्का म्हणाली. "मग महिनाभर ती दाराकडे तोंड करून रडतात. ते ऐकायला मीच असते."

पाहुणीला राग आला नाही. तिनं आत नजर फिरवली. अकरा पाळणे, दोन बादल्या भरून लंगोट, आणि सगळ्यांना मिळून ही एकटी बाई.

"दुसरं कुणी नाही?"

"आहे की. तिची आई आजारी पडली, गावी गेलीये. आज पाचवा दिवस."

"मग रात्री कोण असतं?"

"रात्रीही मीच. माझी पाळी बदलायला काय देवदूत येणारेत?"

पाहुणी हसली. मग टीशर्टच्या बाह्या होत्या तेवढ्या वर सारत म्हणाली, "मी तेहेतीस वर्षं नर्स होते. बाळंतिणींच्या वॉर्डात. मुलांना हात लावत नाही. लंगोट धुऊ?"

नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं. आक्कानं आडवा हात खाली घेतला.

नर्सबाईंनी लंगोट धुतले, पिळले, मागच्या दोरीवर झटकून वाळत घातले. त्या आत आल्या तेव्हा एक पोर रडत होतं. त्याला घ्यायला आक्का उठली आणि पायाखालची फरशीच सरकल्यासारखी झाली. तिनं पाळण्याचा कठडा धरला. तो धरताना नर्सबाईंनी तिला पाहिलं.

"आक्का, आडव्या व्हा."

"आणि यांचं?"

"मी बघते."

"चारला दूध असतं."

"देईन. पाजताना मांडीवर घ्यावं लागेल. तेवढं चालेल?"

"तेवढं चालेल," आक्का म्हणाली. "खिडकीजवळच्याला डाव्या कुशीवर नका हं..."

"कान फुटलाय त्याचा. दिसलं मला."

तो कान डॉक्टरलाही दोनदा दाखवल्यावरच कळला होता. पाच मिनिटं पडते, असं म्हणून ती कोपऱ्यातल्या चटईवर कलंडली. उशी घेण्याचंही भान राहिलं नाही.

कुणाच्या तरी बोलण्यानं तिला जाग आली. भिंतीवरचं ऊन पार वर चढलं होतं. दारात मंडळींचे पाद्रीबाबा उभे होते.

"बाई, सगळे खोळंबलेत. शेवटच्या प्रार्थनेलाही तुम्ही नव्हता."

"माझी इथंच झाली."

"निदान फोटोला तरी चला. एखादं बाळ घ्या कडेवर. आपल्या लोकांना दाखवायला बरं."

"हळू बोला ना."

"बाळं झोपलीत का?"

"बाळं कुठली! चांगली जागी आहेत. आक्का झोपलीये."

पाद्रीबाबांनी कोपऱ्यातल्या चटईकडे पाहिलं. मग अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "किती वेळ?"

"साडेतीन तास. तुम्ही फोटो काढून घ्या. बस आली की मी येते."

ते बुटांचा आवाज न करता निघून गेले.

आक्कानं उठायला हवं होतं. साडेतीन तास! लोक काय म्हणतील? पण ती डोळे मिटूनच पडून राहिली. या घरात वीस वर्षं तिनंच सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं होतं. तिच्यासाठी कुणी आवाज खाली केल्याचं तिला आठवत नव्हतं. झोपेचं सोंग घेतलेल्या पोरासारखी ती ऐकत राहिली. बाटल्या विसळल्याचा आवाज. कुणाच्या तरी पाठीवर थोपटल्याचा. कुणाची तरी ढेकर.

मग पावलं जवळ आली. उघड्या पायांवर चादर आली. पाठीवर एक हात टेकला, ओलसर, खरखरीत, लंगोटांच्या साबणाचा वास येणारा. बाहेर बसचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. हात हलला नाही. तिसऱ्या हॉर्नला तो अलगद निघाला आणि दार लागलं.

बस चालू झाली. गाण्याचे सूर लांब लांब गेले. खोलीत एकही मूल रडलं नाही.

आक्का उठून बसली. चटईशेजारी लंगोटांच्या घड्यांची चळत होती. तिनं वरची घडी उचलली, मांडीवर ठेवली, आणि तिला एकदम हुंदका फुटला. बाही तोंडात धरली तरी थांबेना.

जवळच्या पाळण्यात दीड वर्षाची एक पोर कठडा धरून उभी होती. टक लावून आक्काकडे बघत होती.

"काय बघतेस गं?" आक्का नाक पुसत म्हणाली. "झोप जास्त झाली माझी. डोळे सुजलेत."