पाववाल्या मार्गारेटचा दगड

उद्या फुलांचा रविवार. पेनलान वस्तीतल्या बायका आपापल्या माणसांच्या कबरी धुऊन, त्यांना चुना लावून, डॅफोडिलची फुलं वाहून केव्हाच चहाला घरी गेल्या होत्या. एलिनेड तेवढी चॅपलच्या आवारात आईच्या दगडापाशी गुडघे टेकून होती. प्रार्थना म्हटल्याशिवाय ती ब्रश धूत नसे.

"पन्नास वर्षं घासतेस. झिजला की गं दगड," ग्विलिम म्हणाला. वस्तीचा इतिहास लिहायचं त्यानं मनावर घेतलं होतं. काखेत चॅपलची जुनी दफनवही होती.

"तुझं पुस्तक होईस्तोवर टिकेल हो."

तो नेहमीसारखा हसला नाही. "तुझी आई दूधवाली मार्गारेट ना?"

"अख्ख्या वस्तीला दूध घालायची. का रे?"

"ही पाववाली मार्गारेट आहे. दोघी एव्हान्स, दोघी एकाच हिवाळ्यात गेल्या. दगडावर धंदा कोण लिहितं? वहीत लिहिलाय. पाववालीशेजारी तिची सात वर्षांची नेस्ट आहे. मागं कुणीच उरलं नाही त्यांच्या. तुझी आई तिकडं, मागच्या भिंतीला."

"मी पाळण्यात होते तेव्हा. मावशीनं हाच दगड दाखवला." एलिनेडचा हात चुन्यातच राहिला. "म्हणजे इतकी वर्षं आईला एक फूल नाही?"

भिंतीपाशी काटेरी वेली अंगठ्याएवढ्या जाड झाल्या होत्या. मांजरसुद्धा आत शिरलं नसतं. ग्विलिमनं कोयत्यानं वाट काढायला अर्धा तास घेतला. ती मागं बादली घेऊन उभी होती.

आतला उंच दगड वरच्या बाजूला शेवाळलेला होता. त्यानं खरवडलं. मार्गारेट एव्हान्स.

छातीच्या उंचीपासून खाली मात्र दगड पांढराशुभ्र होता. चुना अजून ओला. त्याखाली जुन्या चुन्याचे पापुद्र्यावर पापुद्रे. पायथ्याशी डॅफोडिलांची जुडी, देठांतून पाणी ठिबकत होतं. ब्रशाचा फराटा कुठंच नव्हता. लहान मुलाच्या बोटांचे होते. बारीक.

ग्विलिमनं वही छातीशी धरली. "चल. चल इथून, एलिनेड."

ती हलली नाही. डोळे मिटून तिनं ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हटली. मग तिनं ब्रश बादलीत बुडवला.

"वरचं तेवढं मी करते," ती म्हणाली. "नेस्टचा हात पोचत नाही तिथवर."